निव्वळ यष्टिरक्षकास संघात जागा द्यावी काय?

अकरा गड्यांचा संघ निवडावयास बसले म्हणजे वाद बहुधा यष्टिरक्षकापाशी येऊन अडतो. यष्टींमागे निष्णात, परंतु फलंदाजीत यथातथाच, अशा गड्यासाठी अकरांतील एक जागा खर्चावी काय? अमेरिकेतील फुटबॉलात दोन खांबांमधून लाथेने चेंडू मारण्यापुरताच एक गडी बाळगतात. परंतु तेथील व्यावसायिक संघाच्या यादीत ५३ जण असतात आणि गडी वारंवार बदलता येतात. त्यांना ही चैन परवडते. आपल्या खेळात, ज्याला यष्टींमागे उभे करावयाचे, त्यालाच पुढे बॅट घेऊन जावे लागते.

मुंबईचे नरेन ताम्हाणे (१९३१–२००२) यांचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. १९५५च्या जानेवारीत ढाक्यास, पाकिस्तानविरुद्ध, ते पहिला कसोटी सामना खेळले आणि त्या पाच सामन्यांच्या मालिकेत त्यांनी १९ फलंदाज टिपले. एकंदर २१ कसोटींत त्यांचे बळी ५१. पैकी ३५ झेल व १६ यष्टिचीत. धावा मात्र अवघ्या २२५, सरासरी दहाच्या किंचित वर. (एकदा त्यांनी नाबाद ५४ केल्या, हेही नमूद केले पाहिजे.)

यांतील १६ हा आकडा विशेष बोलका आहे. ऑस्ट्रेलियाचे ॲडम गिलख्रिस्ट यांचे कसोटीतील बळी ४१६, परंतु यष्टिचीत ३७च. म्हणून गिलख्रिस्ट कमी प्रतीचे, असे मुळीच नव्हे; त्यांचे गोलंदाज बहुतांशी वेगवान होते. ताम्हाणे यांच्यासमोर सुभाष गुप्ते यांची फिरकी होती. लेगब्रेक आणि गुगली यांतला भेद फलंदाजास कळत नसे; तो यष्टिरक्षकास गोलंदाजाच्या मनगटावरूनच ओळखावा लागे, कारण यष्टींना खेटून उभे राहिल्यावर विचारास वेळ उरत नाही.

दुसरी बाजूही बळकट आहे. १९६४ साली मद्रासेस इंग्लंडविरुद्ध यष्टिरक्षक बुधी कुंदेरन यांनी १९२ धावा केल्या. सरासरी दहाच्या जागी तिसांचा गडी घेतल्यास दोन डावांत सुमारे ४० धावा अधिक मिळतात. उलट, जम बसलेल्या फलंदाजास एकदा जीवदान दिले, तर तेवढ्याच धावा सहज निसटतात. तेव्हा अशा संधी सामन्यात किती येतात, हा खरा प्रश्न होय. संघाची मदार फिरकीवर असेल तर निव्वळ यष्टिरक्षक घ्यावा, असे मला वाटते. सारे मध्यमगती असतील, तर मागे उभा राहून झेल घेणारा चांगला फलंदाज पुरे.

शालेय सामन्यांत हा हिशेब बराच बदलतो. भांडगावासारख्या ठिकाणी मैदान कोरडे व उंचसखल. चेंडू कधी घोट्याशी, कधी छातीशी येतो. यष्टिरक्षक कच्चा असल्यास बायच्या धावा वाढत जातात, आणि त्या कोणाच्याच नावावर लागत नसल्याने कोणास खटकत नाहीत. मग ज्या मुलाने वर्षभर केवळ हातमोजे घालून सराव केला, त्यास ‘हा धावा काय करणार?’ म्हणून वगळतात. कप्तानाने मागील तीन सामन्यांची धावपुस्तिका काढून बायच्या धावा प्रथम मोजाव्यात. सुटलेले झेल व हुकलेले यष्टिचीत पुस्तिकेत सापडत नाहीत, ते पुढील सामन्यापासून समासात पेन्सिलीने टिपावेत.