दांडपट्टा हाती आहे, पण उमेद नाही

प्रश्न : कोल्हापुरात मर्दानी खेळांच्या पथकात मी पाच वर्षं आहे. शिवजयंतीची मिरवणूक सरली की सरावाला जावंसं वाटत नाही. गोडी कशी टिकवू?

उत्तर : तुमचा सराव बहुधा टाळ्यांसाठी होतोय. मिरवणूक संपली की टाळ्या संपतात, मग उमेद कुठून येणार? थोडे दिवस चमकदार फेका बाजूला ठेवा आणि हत्याराकडे नीट बघा. दांडपट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत जातो, मनगट वळत नाही. म्हणून वार कोपर, खांदा आणि कमरेतून फिरतो. पाय चुकला की पातं स्वतःकडेच येतं. एवढी एकच गोष्ट महिनाभर घोटा. न्यू पॅलेसच्या संग्रहालयातली शस्त्रंही वेळ काढून पाहा.

आणि जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालाच. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याला पडलेला सिद्दी जौहरचा वेढा भेदून याच मुलखातून विशाळगडाकडे निघाले. बूट, रेनकोट नको. जुनी घोंगडी, फडक्यात भाकरी-चटणी घ्या. मसाई पठारावरच्या वाऱ्यात भिजलेली घोंगडी खांद्यावर किती जड होते आणि तरीही कशी ऊब धरते, ते तिथंच कळतं. महाराजांची पालखी वाहत त्या चिखलातून धावणाऱ्यांचं बळ मग वाचून समजावं लागत नाही. मात्र एकट्यानं जाऊ नका, ओढे फुगलेले असतात.

परतल्यावर तालमीतल्या दोन लहान पोरांना लाठीचे पवित्रे शिकवायला घ्या. त्यांच्यासाठी तुम्हाला रोज जावंच लागेल.