वकिलीच्या सीईटीचा अभ्यास : बचतीसारखा, रोज थोडा थोडा



एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मॅडम, माझं बी.ए. झालं, वय 34 आहे. आता वकिली शिकता येते का?" बाकीच्या हसल्या. पण ताईंनो, येते! पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्याचा सीईटी कक्ष दरवर्षी प्रवेश परीक्षा घेतो. वयाची अट नाही. बारावी झालेल्या आपल्या लेकींसाठी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी वेगळी असते.

क्लासची फी भरण्याआधी एक तपासा. दहावी-बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या नियमाने एलएल.बी.ला प्रवेश मिळत नाही. म्हणून आधी आपल्या मार्कशीट काढून बघा.

तीन वर्षांच्या सीईटीत 120 प्रश्न, वेळ दोन तास. इंग्रजी 40, सामान्य ज्ञान 32, कायद्याची समज 24, तर्क 24. इंग्रजी सोडून बाकी प्रश्न मराठीतही असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका.

अभ्यास कसा करायचा?

1. सगळ्यात जास्त गुण इंग्रजीला. रोज अर्धा तास एक उतारा वाचा, पाच नवे शब्द लिहा.

2. कायद्याच्या प्रश्नात आधी नियम दिलेला असतो, मग प्रसंग. समजा नियम आहे : 18 वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार रद्दबातल. प्रसंग : 17 वर्षांच्या मुलीने कर्जाच्या कागदावर सही केली. आपलं मन म्हणते, "पैसे घेतले, तर करार पाळायलाच पाहिजे." पण उत्तर नियमाने द्यायचं : करार रद्दबातल.

3. चुकांची वही ठेवा. आठवड्याला एक सराव पेपर घड्याळ लावून सोडवा. चुकलेला प्रश्न, आपलं उत्तर आणि का चुकलं, हे तीन रकान्यांत लिहा. गटाचा हिशोब लिहिता, तसंच. नुसते पेपर सोडवत गेलं तर तीच चूक पुन्हा होते.

परीक्षा उन्हाळ्यात येते, तेव्हाच तेंदूपत्त्याची घाई असते. म्हणून सुरुवात आताच करा. आणि गटातल्या बाकीच्या तायांनो, तिचं एखादं काम तुम्ही उचला. उद्या आपल्यातलीच एक काळा कोट घालून भंडाऱ्याच्या कोर्टात उभी राहील.