वृद्धांच्या खुब्याचे हाड : समजूत आणि उपचार

‘म्हातारपणी मोडलेले हाड जुळत नाही’ ही समजूत मंठा तालुक्यातील खेड्यापाड्यांत आजही आढळते. न्हाणीत वा ओसरीवर घसरून पडलेल्या आजीला बाजेवर निजवून मालिश केली जाते आणि मोलाचा वेळ निघून जातो.

वाढत्या वयात, विशेषतः पाळी थांबल्यानंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. त्यामुळे किरकोळ पडण्यानेही खुब्यापाशी मांडीचे हाड मोडते. जांघेत तीव्र वेदना होणे, पाय आखूड दिसणे व बाहेरच्या बाजूस वळणे, तो उचलता न येणे ही याची प्रमुख लक्षणे होत. क्वचित हाड एकमेकांत रुतून बसते व रुग्ण लंगडत चालूही शकतो. कधी दुखणे गुडघ्यात जाणवते. म्हणून पडल्यानंतर दुखणे राहिल्यास एक्स-रे काढावाच.

अशा वेळी पाय ओढू नये, चोळू नये, रुग्णास उभे करू नये. दोन्ही पायांमध्ये घडी केलेली चादर ठेवून ते सैलसर बांधावेत आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ती न मिळाल्यास रुग्णास बाजेसह वाहनात ठेवून आणावे.

हाडाच्या मानेचा रक्तपुरवठा तुटल्यास ते आपोआप जुळण्याची आशा थोडी असते. तेथे स्क्रू बसवितात किंवा कृत्रिम गोळा बसवितात. मानेखालील भाग मोडल्यास सळई घालतात. प्रकृती अनुकूल असल्यास ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया होणे हितावह असते. रक्तदाब वा मधुमेह आहे एवढ्यावरून ती नाकारू नये. बहुतेक रुग्णांना दुसऱ्याच दिवशी बसविता येते व वॉकरच्या आधाराने उभे करता येते. याउलट, महिनोन्‌महिने अंथरुणास खिळल्याने शय्याव्रण, फुप्फुसाचा जंतुसंसर्ग आणि शिरांत रक्ताच्या गाठी होतात. मृत्यूचे कारण बहुधा मोडलेले हाड नसून हे अंथरूणच असते.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अनेक अस्थिशस्त्रक्रियांचा समावेश आहे. त्याची चौकशी प्रथमच करावी. एकदा हाड मोडलेल्या व्यक्तीने ठिसूळपणावरील औषधेही वैद्यकीय सल्ल्याने घ्यावीत.

प्रतिबंध तर त्याहून सोपा आहे. न्हाणीतील शेवाळ घासून काढावे, भिंतीला धरण्यासाठी दांडी बसवावी, रात्री दिवा ठेवावा, दृष्टी तपासून घ्यावी. आहारात दूध, नाचणी व तीळ असावेत. अंगावर ऊन घ्यावे.

दात्यांनी दिलेला एक वॉकर अथवा एक हवेची गादी अनेक घरांतील वडीलधाऱ्यांना पुन्हा अंगणापर्यंत नेऊ शकते, हे येथे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.