हरणाऱ्या संघाचा माणूस

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की कुणीतरी त्याच्या पायापुढं फुटबॉल ढकलतंच. पेठेतल्या तालमीचा संघ हरला की घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, हे लहानपणापासून पाहत आलो. पण तालमीचा संघ पुढच्या मोसमात उसळी घेतो. भारताच्या संघामागं उभं राहायचं म्हणजे वेगळीच परीक्षा असते. गेल्या सात-आठ वर्षांत तिच्यातून जे हाती लागलं, ते इथं मांडतो.

१. राग धरायचा तर मैदानात येऊन धरायचा.

२०१८ च्या जूनमध्ये मी नोकरीसाठी मुंबईत होतो. अंधेरीच्या मैदानावर भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं, सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली, आणि बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. ऑफिसातून उशिरा सुटलो म्हणून मीही गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी छेत्रीचा व्हिडिओ आला. आम्हाला नावं ठेवा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या, असं तो हात जोडून सांगत होता. देशाच्या कर्णधारावर ही वेळ यावी, याची मला मनापासून लाज वाटली.

४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. लोकलमधून उतरलो तेव्हा पाऊस कोसळत होता. स्टेडियम भरलेलं. मैदानात पाण्याची तळी, बॉल चार फूट जाऊन थांबतोय, आणि शेजारचे अनोळखी लोक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओरडतायत. आपण ३-० जिंकलो, दोन गोल छेत्रीचे. त्या रात्री ठरवलं, या संघावर बोलायचं असेल तर आधी तिकीट काढायचं.

२. जिंकलेलं वर्षसुद्धा बारकाईनं बघावं.

२०२३ मध्ये आपण तीन करंडक घेतले. इम्फाळ, भुवनेश्वर आणि बंगळुरू. जुलैमध्ये जागतिक क्रमवारीत ९९ वर आलो. मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो की आता संघ बदललाय. नोव्हेंबरात कुवेतला त्यांच्याच घरात १-० हरवलं, तेव्हा तर विश्वचषक पात्रतेची पुढची फेरी समोर दिसायला लागली.

मग २०२४ उजाडलं. कतारच्या आशियाई चषकात तीन सामने, तिन्ही हरलो, एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२. जूनमध्ये कोलकात्यात छेत्रीचा निरोपाचा सामना, तो ०-०. अख्ख्या वर्षात ११ सामने, ४ गोल, विजय शून्य. कुवेतनंतरचा पुढचा विजय बघायला आम्हाला मार्च २०२५ उजाडावा लागला, शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध.

त्या वर्षी मला झोप लागायची नाही, इतकं ते मनाला लागलं होतं. मग एका रविवारी बसून २०२३ चे सामने पुन्हा आठवले. बंगळुरूच्या सॅफ स्पर्धेत लेबनॉनविरुद्धची उपांत्य फेरी पेनल्टीवर सुटली होती, कुवेतविरुद्धची अंतिमही पेनल्टीवरच. स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल कुणाचे? अडतिसाव्या वर्षी खेळणाऱ्या छेत्रीचे. पुढच्या पडझडीचं उत्तर तेव्हाच समोर होतं. करंडकाच्या आनंदात मी ते बघितलं नव्हतं.

३. ‘कोण चुकला’ याआधी ‘गोल कोण करणार’ हे विचारावं.

निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, परत बोलवावं लागलं, आणि मालदीवविरुद्ध त्यानं गोलही केला. टाळ्या वाजवल्या मी, पण पोटात खड्डा पडला. एवढ्या मोठ्या देशात नऊ नंबरला उभा करायला दुसरा माणूस नाही?

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. क्लबांना आज जिंकायचं असतं, म्हणून मधला स्ट्रायकर बहुतेक परदेशी असतो. आपल्या पोरांना विंगवर किंवा बेंचवर जागा. ज्याला दर आठवड्याला पेनल्टी बॉक्समध्ये उभं राहायची सवयच नाही, त्यानं देशासाठी मात्र तिथं थंड डोक्यानं बॉल जाळ्यात टाकावा, ही अपेक्षाच चूक आहे. त्यात जुलै २०२५ मध्ये लीगचा पुढचा मोसमच अडकला. लीग चालवण्याचा करार संपत आलेला, पुढं काय ते ठरलेलं नाही, आणि खेळाडू सामन्यांविना. आमच्या पेठेतला चौदा वर्षांचा पोरगा चार महिने बॉलशिवाय राहिला तर त्याचा पहिला टच जातो. मोठ्यांचं वेगळं काही नसतं.

४. जुनं सोनं दाखवून आजच्या पोरांना मारू नये.

१९५१ आणि १९६२ ची एशियाडची सुवर्णपदकं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधलं चौथं स्थान, तिथं मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेली हॅटट्रिक. हे सगळं आमच्या आजोबांच्या तोंडी असायचं, आणि मीही प्रत्येक पराभवानंतर तेच काढायचो. आता काढत नाही. तेव्हाच्या आशियात जपान, कोरिया, कतार आजच्यासारखे घडलेले नव्हते. आपण थांबलो आणि ते चालत राहिले, ही खरी गोष्ट.

५. शिवी खेळाडूच्या घरापर्यंत न्यायची नाही. यावर जास्त बोलायची गरज मला वाटत नाही.

६. सगळ्यात वाईट रात्रीही शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबायचं.

१४ ऑक्टोबर २०२५. फातोर्डा, मडगाव. आशियाई चषकाच्या पात्रतेत सिंगापूरला हरवणं भाग होतं. पाच दिवस आधी त्यांच्या मैदानावर आपल्या झिंगनला लाल कार्ड मिळूनही, दहा जणांनी झुंजून रहीम अलीच्या नव्वदाव्या मिनिटाच्या गोलवर १-१ सोडवला होता. त्यामुळं जिवात जीव होता. दिवाळी तोंडावर, पुतण्याची सहामाही नुकतीच संपलेली. त्याला घेऊन आजरा, आंबोली करत गोव्यात उतरलो.

चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेनं लांबून मारला. बॉल जाळीत गेलेला दिसला आणि पुतण्या माझ्या गळ्यात पडला. त्याचं काळीज धडधडत होतं ते मला माझ्या छातीवर कळत होतं. ती तीस मिनिटं मी विसरणार नाही. ४४ व्या मिनिटाला सिंगापूरच्या सोंगनं बरोबरी केली. ५८ व्या मिनिटाला पुन्हा त्यानंच. पुढं आमच्या बाजूनं धावपळ पुष्कळ झाली, पण १-२ ते १-२ च राहिलं. चार सामन्यांत दोन गुण. २०२७ च्या आशियाई चषकाचं दार तिथंच बंद झालं.

आमच्या पुढच्या रांगेतला एक म्हातारा गोंयकार शिट्टीनंतरही बसून होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. खेळाडू वळून प्रेक्षकांकडं आले तेव्हा तो उठला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. हळूहळू, पण थांबला नाही. मला जमत नव्हतं. पुतण्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोही वाजवायला लागला, मग मीही.

परतताना बांद्याच्या पुढं एका टपरीवर थांबलो. पोरगं वाटभर गप्प होतं. चहा आला तसं ते एकदम म्हणालं,

“काका, सिंगापूरला बी हाफटाइमच्या आदीच खाल्ला न्हवं गोल?”

मी आठवून बघितलं. खरंच, तिथं पहिल्या सत्राच्या जादा वेळेत, इथं ४४ व्या मिनिटाला. महिनाभर मी या संघावर तावातावानं बोलत होतो, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यानं टेबलावरचे रिकामे ग्लास ओढले. चार मागं, तीन मधे. साखरेचा डबा गोलपोस्ट.

“बगा,” तो म्हणाला, “चाळिसाव्या मिनटाला आपण असं हुतो. ह्यो हितं पायजे हुता.” आणि त्यानं मधला एक ग्लास दोन बोटं मागं सरकवला.