इंजिन खोलण्यापूर्वी

हडपसरच्या गाडीतळापाशी पुणे-सोलापूर मार्गापासून सासवडचा रस्ता फुटतो आणि पुढे दिवे घाटाचा चढ लागतो. सपाटीवर निमूटपणे धावणारी पेट्रोल मोटार या चढावर अडखळू लागली, तर प्रथम स्पार्क प्लगचा विचार करावा. चढावर अ‍ॅक्सिलरेटर अधिक दाबला जातो, सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरते, त्याचा दाब वाढतो. आणि अशा दाबाखालील वायूतून ठिणगी पाडण्यास विजेचा दाबही अधिक लागतो. झिजलेला प्लग नेमका तेथे उघडा पडतो. मात्र पुष्कळदा ‘इंजिनचे काम निघाले’ असे सांगून मोठ्या खर्चाचा अंदाज कार्यालयापुढे येतो. तो मंजूर करण्यापूर्वी तासाभराची एक तपासणी अवश्य मागावी.

इंजिन तापवून बंद करावे व हात लावण्याइतके निवू द्यावे. भोवतालची धूळ हवेने उडवून सर्व प्लग काढावेत आणि सिलिंडरच्या क्रमाने मांडावेत. क्रम मोडला की निम्मी माहिती गेली. टोक फिकट तपकिरी वा राखी असल्यास ज्वलन ठीक आहे. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवेची गाळणी तुंबलेली. तेलकट ओल असल्यास इंजिन तेल सिलिंडरमध्ये शिरत आहे. पांढरेफटक टोक अतिउष्णता दर्शविते. फट फीलर गेजने मोजावी; जुन्या मोटारींत ती साधारणतः ०.६ ते ०.८ मिलिमीटर असे, नव्या मोटारींत पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे प्लग अधिक लवकर पाहावे लागतात.

आता दाब. ठिणगी व इंधन यांचा पुरवठा तोडावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, प्लगच्या जागी दाबमापक बसवावा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने इंजिन काही फेरे फिरवावे. बॅटरी भरलेली नसेल तर सगळेच आकडे फसवे येतात. हडपसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्याने मुंबईच्या मानाने येथे आकडा पाच-सहा टक्के कमी येणारच. म्हणून सिलिंडरांची परस्पर तुलना अधिक बोलकी ठरते. समजा, तीन सिलिंडरांत दर चौरस सेंटिमीटरला ११ किलोग्रॅम आणि एकात ७ आले. त्या एकात चमचाभर इंजिन तेल घालून पुन्हा मोजावे. आकडा चढल्यास पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. न चढल्यास झडपांचा संशय घ्यावा. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर कमी असतील, तर दोष बहुधा हेड गॅस्केटचा. चारही आकडे एकमेकांजवळ आणि पुस्तिकेतील मर्यादेत असल्यास इंजिन खोलण्यास आधार उरत नाही. प्लग बदलून गाडी पुन्हा घाटात चालवून पाहावी.

हे आकडे तारीख व किलोमीटरसह गाडीच्या नोंदवहीत लिहावेत. पुढील तपासणीच्या वेळी तुलनेस तेच उपयोगी पडतात.