‘तुम्ही त्यांच्या कोण लागता?’

पोलीस ठाण्यात मला विचारलेला हा पहिला प्रश्न. शेजारीण, असं सांगितल्यावर उत्तर मिळालं, “मग ही त्यांची घरगुती बाब आहे. आजोबांना स्वतः येऊन तक्रार देऊ द्या.”

आजोबा येणार कसे? निवृत्त शिक्षक, स्मृतिभ्रंश झालेला. मुलगा-सून कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जात. दुपारी खिडकीचे गज धरून ते मला विचारायचे, “बाई, मधली सुट्टी झाली का?” एकदा गजांमधून पाण्याचा पेला देताना त्यांचा हात नीट दिसला. नखं वाढून तळव्यात रुतलेली आणि मनगटाभोवती सुतळीचा काळानिळा वळ. कुणीतरी त्यांना बांधून ठेवत होतं. त्या वळानंतर गप्प बसणं मला शक्य नव्हतं.

ओळखीच्या एका वकीलबाईंनी कायदा उलगडून सांगितला, तेव्हा कळलं की ‘कोण लागता’ हा प्रश्नच गैरलागू होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०१ नुसार, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तिची काळजी घेणारा माणूस छळतो किंवा तिची हेळसांड करतो असं मानायला कारण असेल, तर ते कळणाऱ्या कुणीही पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला कळवायचं आहे. नात्याची अट नाही. ‘कळवू शकतो’ अशी सवलतीची भाषाही नाही, ते आपलं कर्तव्य आहे. पोलिसांनी पुढे दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचे गंभीर विकारही येतात. हे लोकांना सांगितलं की ते चकित होतात, कारण ज्येष्ठांसाठी एकच कायदा आहे, २००७ चा, असा सगळ्यांचा समज असतो.

तो २००७ चा निर्वाह व कल्याण अधिनियम मोलाचा आहेच. साठी ओलांडलेल्यांना निर्वाह भत्त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. सांभाळण्याची जबाबदारी असलेल्याने ज्येष्ठाला कायमचं टाकून दिलं, तर कलम २४ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण अर्ज ज्येष्ठाने स्वतः करायचा, किंवा ते शक्य नसेल तर त्याने अधिकार दिलेल्या माणसाने. ज्याला स्वतःचं नावही आठवत नाही तो अधिकार कुणाला देणार? अशा वेळी न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकतं, तसं लेखी सुचवा. मात्र तेवढ्यावर विसंबू नका.

व्यक्ती दिव्यांग असेल, तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा बघा. त्याच्या यादीत पार्किन्सन्सही आहे. कलम ७ प्रमाणे छळाची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे उदाहरणार्थ तहसीलदारांना, देऊ शकतो. ताब्यातल्या दिव्यांग माणसाला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं हा कलम ९२ खाली गुन्हा आहे. घरातल्या बाईचा छळ होत असेल, मग ती सासू असो वा आई, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याला कळवा. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर त्यात कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

दुसऱ्यांदा ठाण्यात गेले ती लेखी अर्ज घेऊन. वर कलम, खाली काय दिसलं ते तारीखवार. ‘मुलगा राक्षस आहे’ असलं एकही वाक्य वकीलबाईंनी राहू दिलं नाही. वळ कुठल्या हातावर, कुलूप किती वाजता लागतं, ओरडण्याचा आवाज कधी येतो, एवढंच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. त्या कागदानंतर मला नातं कुणी विचारलं नाही. पोलीस घरी आले, आजोबांची वैद्यकीय तपासणी झाली, उपचार सुरू झाले. आता दिवसभर एक मावशी त्यांच्याजवळ असतात. ते कुटुंब आमच्याशी बोलत नाही. याची तयारी ठेवूनच पाऊल उचला.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो मात्र टाकू नका. त्या असहाय माणसाची अब्रू जाते आणि घरचे सावध होतात. जिवाला धोका दिसला तर अर्ज लिहीत बसू नका, ११२ लावा. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. आणि सांभाळणारी माणसं नुसतीच थकलेली वाटली, माराचा किंवा उपासमारीचा मागमूस नसेल, तर आधी त्यांना विचारा की दुपारचे दोन तास मी बसू का.

एक गोष्ट ज्येष्ठांसाठी. मुलाच्या नावे घराचं बक्षीसपत्र करणार असाल, तर ‘माझा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तातच लिहून घ्या. मुलाने सांभाळलं नाही, तर २००७ च्याच कायद्याच्या कलम २३ खाली असा दस्त रद्द होऊ शकतो, पण ती अट मुळात होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. सही करण्याआधी तो मजकूर कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.