जबड्याला स्क्रू लावून तो लांब करतात म्हणे?

प्रश्न : नात्यातल्या एका बाळाची हनुवटी जन्मापासून आखूड, आत गेलेली आहे. टाळूही दुभंगलेला. झोपेत घोरतं, मध्येच श्वास थांबतो, मग दचकून उठतं. कोणी म्हणतं टॉन्सिल काढा, कोणी म्हणतं जबडा स्क्रूने रोज थोडा थोडा लांब करतात. हे खरं का?
– एक वाचक, मुकुटबन (जि. यवतमाळ)

उत्तर : खरं आहे. पण श्वास नेमका कुठे अडतो, हे आधी बघावं लागतं. तुमचं वर्णन पिएर रोबँ या फ्रेंच डॉक्टरांनी १९२३ मध्ये मांडलेल्या दोषाशी जुळतं. जबडा आखूड, म्हणून जीभ मागे. उताणं निजवलं की ती घसा बुजवते. तिथे टॉन्सिल काढून काय होणार? एरवीच्या मुलांत टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागच्या, टॉन्सिलसारख्याच गाठी) काढणं हाच पहिला उपाय, आणि बहुतेकदा तो पुरतो. टाळू दुभंगलेल्या मुलाचे ॲडेनॉइड मात्र सरसकट खरवडले, तर हवा नाकात निसटते आणि 'बाबा'चं 'मामा' ऐकू येतं. काढायचेच झाले, तर थोडे राखून काढतात.

आता स्क्रू. जबड्याचं हाड दोन्ही बाजूंनी कापून तिथे धातूचं लहानसं यंत्र बसवतात. थोडं थांबून त्याचा दांडा किल्लीने फिरवायला लागतात, दिवसाला साधारण १ ते २ मिलिमीटर. फटीत नवं हाड धरत जातं. जबड्याबरोबर जीभही पुढे येते. पुढे हाड पक्कं होईपर्यंत काही आठवडे यंत्र तसंच. मूळ युक्ती सैबेरियातल्या इलिझारोव यांची, हातापायांच्या हाडांसाठीची. माणसाच्या जबड्यावरचा अनुभव न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. दातांचे अंकुर किंवा चेहऱ्याची नस दुखावण्याचा धोका असतोच. शिवाय प्रत्येक बाळाला हे लागतही नाही. कित्येकांचं कुशीवर किंवा पालथं निजवून, नाकातून नळी घालून भागतं. पालथं निजवण्याचा प्रयोग घरी मात्र नको, तो डॉक्टरांच्या नजरेखालीच.

अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बाळ दाखवा. दुभंगलेला टाळू त्यांच्या यादीतच आहे. तिथून मोठ्या रुग्णालयात पाठवतील, झोपेची तपासणी होईल. बाळ निळं पडत असेल, दूध पिताना ठसकत असेल, वजन धरत नसेल, तर पथकाची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि निजलेल्या बाळाचा, छाती उघडी ठेवून, आवाजासकट दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा; ओपीडीत बाळ हमखास जागंच असतं.